डालीखालचा डाव

शिंगाळ्याचा काटा बोटात गेला की माणूस बोंब मारतो. त्यात लहान-थोर असा भेद नाही. शिरोड्याच्या मासळीबाजारात एकदा एका फौजदाराला तो लागला, तेव्हा त्याची बोंब पलीकडच्या वाडीतल्या देवळापर्यंत पोचली, आणि कुणाच्या तरी अंगात आलं असं समजून गुरवाने घाईघाईने धूप पेटवला, असं सांगतात. शिवाय दिवस शिमग्याचे. ज्याला त्याला बोंब मारायची मुभा, न मारणाऱ्याकडेच लोक संशयाने बघायचे. अशा दिवसांत, भर बाजारात, दत्तारामाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात तो काटा चांगला अर्ध्या पेरापर्यंत शिरला आणि दत्ताराम नुसता बघत उभा राहिला. आधी काही दिसलंच नाही. मग काट्याच्या मुळाशी रक्ताचा थेंब आला, फुगला, जरासा थांबला, आणि घसरून माशाच्या करड्या पाठीवर पडला. हे बोट दुसऱ्याच कुणाचं तरी आहे आणि घटकाभर सांभाळ म्हणून ते आपल्याकडे दिलंय, असं त्याला वाटलं.

"अगे आवशी!" टोपलीपलीकडून रुक्मिणी गाबतीण ओरडली. "दत्तारामभाव, काटो गेलो मां! बोंब मारा वो!"

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? शिंगाळो तो! वीख आसा तेच्या काट्यात. माझो घोव एवढो रेड्यासारखो, तेका लागलो तेव्हा रातभर मेलेल्या आवशीक हाका मारी होतो."

"माका काय दुखणा नाय."

रुक्मिणीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बोटाकडे, मग पुन्हा तोंडाकडे. दोन्ही एकाच माणसाची आहेत याची खात्री करून घेतल्यासारखं. मग तिने काटा उपटला, बोट पिळलं, आपल्या चंचीतला चुना त्यावर थापला, आणि तोच शिंगाळा झावळीच्या हिरात ओवून त्याच्या दुसऱ्या हातात दिला. "ह्यो न्हेवा. तुमका चावलो, आता तुमी तेका चावा." शेजारच्या बायका हसल्या. दत्तारामही हसला असावा, कारण गालाची कातडी ताणल्याचं त्याला कळलं.

पण खरं जे झालं ते काट्याच्या आधी. मासळी घ्यायला तो आलाच नव्हता. दिवाळी होऊन गेल्यापासून बाजाराच्या त्या अंगाला तो फिरकला नव्हता. शिमग्याची सुट्टी, रेडीच्या बंदरावर वजनकाटा बंद, तिथला हा कारकून घरी बसून काय करणार म्हणून पायात वहाणा अडकवून निघाला, आणि पाय आपल्या जुन्या वाटेने चालत गेले. पाय असे असतात. त्यांना कुणी काही कळवत नाही. टोपलीपुढे उभा राहिल्यावर तोंडही पायांसारखंच वागलं. "गो, ताजो आसा मां ह्यो?" असं ते म्हणालं. त्यात वावगं काही नव्हतं. या मुलखात बाईमाणसाला गो म्हणायचं आणि बाप्यामाणसाला रे, हे पाळण्यातलं पोरही जाणतं. रुक्मिणीला सगळा गाव गो म्हणतो. पण दत्तारामाच्या तोंडून निघाला तो हा बाजारातला गो नव्हता. तो जरा खालच्या पट्टीतला, शेवटाला लांबवलेला, उत्तर येणारच अशा भरवशाने सोडून दिलेला गो होता. वीसेक वर्षं त्याने त्या एका अक्षरावर पाणी मागितलं होतं, चहा मागितला होता, धोतर, चष्मा, अडकित्ता, पाठीला खाज सुटली तर हात. जिभेने तो उच्चारला, कानाने ऐकला, आणि माशाचे कल्ले बघायला निघालेला हात वाटेतच हुकला. रुक्मिणी "काय वो?" म्हणाली. तिचा "काय वो" वेगळा होता. तेवढ्यात काटा लागला होता.

बायकोचं नाव त्याने कधी घेतलंच नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. घरात तिचं नाव गो. वेंगुर्ल्याच्या इस्पितळात नर्सने बाहेर येऊन "शेवंती दत्तारामचं कोण आहे?" असं विचारलं, तेव्हा कोण ही बाई, बिचारीचं कोणी आलेलं दिसत नाही, असं मनाशी म्हणत तो बाकावर बसून राहिला होता. नर्सने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पलीकडचा एक म्हातारा उठून उभा राहिला. त्याचीही कोणी शेवंती होती. त्या म्हाताऱ्याला आत नेऊन परत आणला, तो देवाचे आभार मानत आला, आणि मग तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दत्तारामाच्या लक्षात आलं. त्यानंतर जे काही झालं ते सगळं त्याने नीट केलं. गाडी ठरवली. लाकडं ओली नाहीत ना ते बघितलं. बारावा, तेरावा, भटजींची दक्षिणा, पाहुण्यांची अंथरुणं. बायका दाराआडून म्हणाल्या, रडा वो वायच, मोकळा वाटात. तो बरं म्हणाला आणि आठवणीने प्रयत्न करून बघितला, पण शिंक यावी आणि परत जावी तसं झालं. तेव्हापासून अंगावर घोंगडी पडून राहावी तसे दिवस. चहा गरम आहे हे वाफेवरून कळायचं, भात खारट आहे हे तहानेवरून.

हिरात ओवलेला शिंगाळा पायाशी हेलकावत होता. वाटेत पोरांची टोळी भेटली, तोंडं रंगवलेली, एकाने कमरेला केळीचं सोपट गुंडाळलं होतं. "दत्तारामभाव, बोंब मारा नायतर शिमगो द्या!" पोरांच्या अंगावर कुणी ओरडलं असतं, कुणी हसलं असतं. त्याने खिशात हात घालून निघेल ते दिलं. पोरं हिरमुसली.

आता शिरोड्यासारख्या गावात हा गो नुसता बायकांचा असता तर माणसाचं एवढं अडलं नसतं. पण शिरोड्यात दुसराही एक गो होता, आणि तो दत्तारामाच्याच पडवीत राहायचा. त्या गोचं एक मंडळ होतं. 'शिरोडे गो मंडळ' अशी पाटी एका रंगाऱ्याने रंगवून दिली, ती टांगली त्याच दिवशी वरच्या वाडीतली एक म्हातारी काठी टेकत आली आणि नाव घालून घ्या म्हणून हटून बसली, कारण गोंचं मंडळ म्हणजे बायलांचं मंडळ, त्यात शिवणाचं मशीन मिळतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ह्युबर्ट मास्तर इंग्रजी शाळेत शिकवायचे. ते म्हणाले, इंग्रजीत वाचलं तर या पाटीचा अर्थ 'चालते व्हा मंडळ' असा होतो, म्हणून सभासद वाढत नाहीत. आणि डॉमिंगो, जो तीस वर्षं बोटीवर तारवटी होता आणि सातही समुद्रांबद्दल खोटं बोलायचा, तो म्हणाला की मीच हा खेळ जपानात एका राजवाड्यात बघितला, तिथे खडे मोत्यांचे होते आणि हरलेल्याला ते गिळावे लागत. गो हा जपानी खेळ तसा साधा. फळीवर आडव्या-उभ्या रेघा, एकाचे काळे खडे, एकाचे पांढरे. जिथे रेघा कापतात तिथे आळीपाळीने एकेक ठेवायचा, आणि दुसऱ्याला चहूकडून कोंडलं की त्याचा खडा उचलायचा. ठेवलेला खडा हलत नाही. मरेपर्यंत जिथे आहे तिथेच. दत्तारामाला खेळातलं हेच आवडायचं.

तो आणला मोरीने. रेडीच्या खाणीची लोखंडी माती जपानला जाऊ लागली त्या सुरुवातीच्या वर्षांतलं हे. मोरी एका जपानी जहाजावरचा मेट, कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी होता. मचव्यावरून शिडीला पाय लावताना मध्ये सापडून नडगी मोडली. जहाज गेलं, पाऊस लागला, बंदर बंद झालं, आणि कारकुनाच्या घराला पडवी मोठी आहे म्हणून कंपनीने हा जपानी चार महिने दत्तारामाच्या गळ्यात घातला. त्याला मराठी येत नव्हतं, यांना जपानी. मोडका पाय पाटावर ठेवून त्याने पहिल्यांदा कोळशाने रेघा मारल्या त्या पडवीच्या जमिनीवरच. शेवंतीला वाटलं, त्यांच्याकडची रांगोळी असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सारवताना तिने अख्खा डाव शेणाखाली घातला. मोरी उठला, बघत राहिला, आणि एवढा हसला की प्लास्टरला चीर गेली. मग डॉमिंगोने आपल्या मोडीत काढलेल्या होडीची एक फळी आणली. तिच्यावर रेघा कोरल्या. काळे खडे दत्तारामाने रेडीहून आणले, लोखंडी मातीतले चपटे गोटे, खेळून उठलं की बोटं तांबडी व्हायची. पांढरे शेवंतीने केले. खाडीवरच्या जाड शिंपा आणून, फोडून, एकेक तुकडा दगडावर पाणी घालून घासायचा. सबंध पावसाळाभर स्वयंपाकघरातून तो आवाज यायचा, घर्र-घर्र, घर्र-घर्र, आणि पागोळ्यांचा. शेवटी कंटाळून तिने एक खडा अर्धवटच टाकला, एका बाजूने खरखरीत. तो तिचा झाला. खेळताना विचार करायचा असला की ती अंगठ्याने तो चोळत बसायची, आणि मग दुसराच कुठला तरी ठेवायची.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दत्तारामाने मोरीला पहिल्यांदा हरवलं. हरवलं म्हणजे मोरीने आधी अर्धी फळी त्याला आंदण दिली होती तेव्हा. मोरी मान खाली घालून म्हणाला, "आरिमासेन." आत चुलीपुढे शेवंतीचे हात थांबले. तिने ऐकलं ते, "अरे, मासे ना." आणि खरंच नव्हते. समुद्र उसळलेला, होड्या वर ओढलेल्या, आठ दिवस पाहुण्याच्या पानात खारा बांगडा आणि सुकटीची चटणी. ती बाहेर आली ती कानकोंडी होऊन. "नाव मोरी माशाचा, आणि म्हणता मासे नाय. खरा आसा पण तेचा," म्हणाली, आणि डोक्यावर इरलं घेऊन त्या पावसात निघून गेली. दिवेलागणीला परतली तेव्हा पदराखाली खाडीतली दोन काळुंदरं होती. मोरीने काटे चोखून चोखून खाल्ली आणि उठून भिंतीला धरून तिला वाकून नमस्कार केला. त्यानंतर मोरी भराभर हरू लागला. डॉमिंगो शपथेवर सांगायचा की माणूस मुद्दाम हरत होता. पुढे कधीतरी ह्युबर्ट मास्तरांनी एका जहाजावरच्या डॉक्टरला विचारून घेतलं, तेव्हा कळलं की त्या शब्दाचा माशांशी संबंध नाही. हरणाऱ्याने म्हणायचं, नाही. माझ्याकडे आता काही नाही. पण तोवर मंडळाचा कायदा होऊन गेला होता. हरणाऱ्याने आपली पाळी आली की "मासे नाय" म्हणायचं, आणि ते म्हटल्याशिवाय, नाहीतर फळी भरल्याशिवाय, कुणी डाव मोडायचा नाही. शिरोड्यात हा कायदा खुद्द जपानातल्यापेक्षा कडक पाळला जायचा.

घरी येऊन दत्तारामाने शिंगाळा खुंटीला अडकवला आणि पडवीत बसला. समोर डाली होती. रात्री कोंबड्या झाकायची मोठी बांबूची डाली. पण दिवाळीपासून ती फळीवर पालथी होती. तिच्या खाली डाव होता. कोंबड्या बेघर होऊन फणसावर बसू लागल्या होत्या, त्यातल्या दोन मुंगसाने नेल्या, उरल्या त्या रानकोंबड्यांसारख्या तिरकस बघायला शिकल्या. डालीच्या भोकांतून आत काही पांढरं, काही काळं दिसायचं. दत्तारामाने साडेचार महिन्यांत ती उचलली नव्हती. उचलायची नाही असं ठरवलंही नव्हतं. तो तिच्या बाजूने चालायचा, तिच्या बाजूला झोपायचा, झाडताना केरसुणी तिच्या कडेने फिरवायचा. मांजर आलं. त्याने खुंटीकडे पाहिलं, दत्तारामाकडे पाहिलं, जरा थांबून पाहिलं, आणि मग घाई न करता उडी मारून शिंगाळा खाली ओढला. जाताना हिराचं टोक जमिनीवर घासत गेलं. शुक शुक म्हणायला हवं, असा विचार दत्तारामाच्या मनात आला तेव्हा मांजर गडग्यापलीकडे पोचलं होतं.

ऊन कलल्यावर डॉमिंगो आणि ह्युबर्ट मास्तर आले. दोघंही उंबऱ्याशी नको तितके खाकरले. साडेचार महिने ते असेच येत होते, पानं खात होते, पावसापाण्याचं बोलत होते, आणि डालीकडे न बघण्याची शिकस्त करत होते. एवढंच नाही, दत्तारामापुढे गो हा शब्दसुद्धा त्यांनी टाकला होता. "तो खेळ" म्हणायचे. डॉमिंगो तर इतका जपायचा की आग्नेसला, स्वतःच्या बायकोला, दत्तारामादेखत हाक मारायची वेळ आली तर "अरे" म्हणून मोकळा व्हायचा, आणि घरी गेल्यावर शिव्या खायचा.

"रेडीक जहाज लागला," डॉमिंगो म्हणाला.

"माहीत आसा."

"तेच्यावर एक जपानी सायब आसा. मोरीच्या गावचो."

"सगळे जपानी तुझ्या मते एकाच गावचे," मास्तर म्हणाले. "दत्ताराम, मी सांगतो. मोरीने त्याच्याजवळ निरोप दिलाय. शिरोड्याला माझं मंडळ आहे, तिथे जा, आणि माझ्यातर्फे एक डाव खेळून ये. तो उद्या दुपारी येतो म्हणालाय. परवा जहाज सुटेल."

"येवंदे."

"येऊ दे, पण खेळणार कशावर?"

फणसावरून एक कोंबडी तिघांकडे आळीपाळीने बघत होती.

"फळी ती एकच," मास्तर हळूच म्हणाले. "खडेही तेच. मी पुठ्ठ्यावर रेघा मारून बघितल्या. लवूकडून बटणं आणली, शिंप्याकडची. मोरीच्या मंडळात माणूस एवढ्या लांबून येणार आणि आपण त्याच्यापुढे सदऱ्याची बटणं मांडणार?"

"बटणांन खेळलेलो मी सिंगापुरात," डॉमिंगो म्हणाला. "एका चिन्याच्या कोटाची सगळी काढून घेतलंय. तो बिचारो कोट धरून..." मास्तरांनी पाहिलं तसा तो थांबला. मग टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "दत्ताराम, आयक. मी खोटा बोलतंय ता तुका माहीत आसा. पण ह्या खोटा नाय. आमका फळी नको तर नको. मोरीच्या माणसाक चाय पाजू, काळुंदर खावक घालू, धाडून देवू. पण तू मगे ती डाली अशीच ठेवतलंस? पाऊस येतलो, पडवी गळतली. वाळवी लागतली. मगे काय, वाळवीक खेळवतलंस?"

"डाव संपाक नाय तो," दत्ताराम म्हणाला.

"पाळी कोणाची?"

"तिची."

डॉमिंगोने टोपी पुन्हा घातली. कायदा त्यालाही ठाऊक होता. किंबहुना त्यानेच तो कडक केला होता. ज्याची पाळी, त्याने खडा ठेवायचा किंवा मासे नाय म्हणायचं. तिसरी वाट नाही. मास्तर उठले. मोरीने मागे एक पुस्तक पाठवलं होतं, नुसत्या आकृत्यांचं, वाचता कुणालाच येत नव्हतं. जपानी पुस्तकं मागून पुढे वाचतात हे माहीत नसल्याने मास्तरांनी वर्षभर त्याचा उलटा अभ्यास केला होता, आणि भरलेल्या फळीवरून एकेक खडा उचलत शेवटी फळी रिकामी करणं हीच खेळाची परमावधी, असं मंडळाला छातीठोक सांगितलं होतं. जाताना त्यांना ते आठवलं असावं. "आपण उलट्या बाजूने शिकलो तेव्हाच बरे खेळायचो," म्हणाले, आणि आपणच बोललेलं न आवडून चष्मा पुसत पायऱ्या उतरले. पायरीवरून डॉमिंगोने मागे वळून विचारलं, "बोटाक काय झाला रे?"

"शिंगाळ्याचो काटो."

"आणि बोंबललंस नाय?" डॉमिंगोच्या तोंडावर पहिल्यांदाच भीती दिसली.

ते गेल्यावर दत्ताराम बसून राहिला. ती हरत होती. एवढं त्याला डाली न उचलताही माहीत होतं. खालच्या कोपऱ्यात त्याने तिला अशी कोंडली होती की सुटायला वाट नव्हती, आणि फळीच्या मधोमधही काळ्याचंच राज्य. पण हरत असताना ती हरली म्हणून कधी म्हणायची नाही. तेवढी एकच गोष्ट तिने मोरीपासून मंडळापर्यंत कुणाचं न ऐकता धरून ठेवली होती. जेवणं झाली, भांडी घासून झाली की दुपारी ती पदराला हात पुसत फळीपाशी यायची आणि हरत हरत शेवटची रिकामी जागा भरेपर्यंत खेळत बसायची, कोंबडीने दाणे टिपावेत तशी. "आता म्हण गो," तो म्हणायचा. "काय ऱ्हवला आसा तुझा?"

"मी म्हणूचंय नाय."

"कायदो आसा."

"कायदो तुमचो. घर माझा. माझ्या घरात मासे नाय, असा मी माझ्या तोंडान सांगू? तिनसांजेच्या वेळार? तुमका बरा, तुमी बाप्ये. तुमचा काय जाता म्हणाक?"

आणि ती म्हणायची नाही. त्यामुळे मंडळाच्या कायद्याप्रमाणे शेवंती एकही डाव हरलेली नव्हती. एवढ्या वर्षांत एकही नाही. डॉमिंगो हे जहाजावरच्या लोकांना अभिमानाने सांगायचा: शिरोड्यात एक बाई आहे, तिला आजवर कुणी हरवलं नाही. तो एवढंच एक खरं सांगायचा आणि त्यावरच कुणी विश्वास ठेवायचं नाही. त्या शेवटच्या दुपारीही ती एका हाताने पोट दाबून बसली होती, दुसऱ्या हातात तो खरखरीत खडा. पाळी तिची. अंगठा फिरत होता. कंदील लावायच्या वेळेला ती आडवी झाली, आणि पहाटे गाडीत बसवताना म्हणाली, "मोडू नको हां डाव. येतंय मी." डाली तिनेच पालथी घालायला सांगितली होती, मांजर खडे उडवील म्हणून. आणि मूठ मिटलेली होती. इस्पितळातून बांगड्या परत मिळाल्या त्यांच्यासोबत कागदात गुंडाळलेला तो खडाही मिळाला. नर्स म्हणाली, हा दगड कसला, हातातून सोडतच नव्हत्या. दत्ताराम म्हणाला, शिंप आहे. नर्स हो म्हणाली. तो खडा त्याने देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला होता, काड्यापेटीच्या मागे. रोज काड्यापेटी घेताना तो दिसायचा. तोही मग काड्यापेटीसारखाच झाला होता, एक वस्तू.

सांज झाली. माडांच्या पलीकडे समुद्राचा आवाज वाढला की कमी झाला, नेहमीसारखंच कळेना. गावात कुठेतरी ढोल सुरू झाला. दत्ताराम उठला, दिवा लावला, आणि काड्यापेटी परत ठेवताना हात आपोआप तिच्या मागे गेला. त्याने डाली उचलली. बांबूचा वास आला, जुन्या पिसांचा, होडीच्या तेलाचा. खड्यांवर धूळ होती. भोकांतून पडलेली, म्हणून डाव चट्ट्यापट्ट्यांचा दिसत होता. त्याला वाटलं होतं तसंच सगळं होतं. ती हरत होती. फुंकर मारून धूळ उडवावी म्हणून तो वाकला, आणि मग नाही मारली. समोरच्या पाटावर कुणी नव्हतं. तो उठला, फळीला वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि तिच्या पाटावर बसला. इथून कधी त्याने फळी बघितली नव्हती. इथून चूल दिसत होती. फळी आणि चूल एकाच नजरेत मावत होत्या. म्हणजे ती हरत असताना चुलीवरचं दूध बघत होती, आणि दूध बघत असताना हरत होती.

तिच्यासाठी चांगली जागा तो शोधू लागला. नव्हती. फळीभर नव्हती. मग त्याने खरखरीत खडा चिमटीत धरला, पहिल्या आणि मधल्या बोटात, मोरीने शिकवला तसा, आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे ती कोंडली गेली होती तिथल्या शेवटच्या दोन रिकाम्या जागांपैकी एकीवर ठेवून दाबला. ठक् असा आवाज झाला. खरखरीत बाजू वर होती, ती सकाळी काटा लागलेल्या बोटात रुतली. तिची पाळी झाली. तो उठला, वळसा घालून आपल्या पाटावर आला. आता पाळी त्याची. एक काळा खडा ठेवला असता तर सारा कोपरा त्याचा झाला असता. काळे खडे मांडीपाशी होते. त्याने त्यांत हात घातला, आणि काढून घेतला. मग चुलीच्या दिशेने, खालच्या पट्टीत, शेवटाला लांबवून तो म्हणाला, "गो..."

आणि नेहमीसारखा थांबला. उत्तराला जेवढा वेळ लागायचा तेवढा.

"मासे नाय."

घरात खरंच नव्हते. खुंटीवर नुसता ओला डाग होता. कान आतल्या खोलीकडे लागले होते. ती तडकून बाहेर येणार होती, कोण म्हणता नाय, म्हणत, इरलं शोधत. दिव्याची वात जराशी हलली आणि सरळ झाली. त्याने तो खरखरीत खडा पहिला उचलला. आणि बोटाच्या टोकाशी काहीतरी हललं. आधी मुंगी चावावी तेवढंच. मग कुणी सुई तापवून धरावी तसं, मग नखाखालून, पेरातून, मनगटातून, विस्तवाची एक दोरी कुणी हाताच्या आतून वर ओढत न्यावी तसं ते खांद्यापर्यंत गेलं, छातीत शिरलं, आणि दत्तारामाने तोंड उघडलं.

ती बोंब शिरोड्यात आजही मोजमापाला वापरतात. मिठागरावर राखणीला बसलेला माणूस म्हणतो, मी ती तिथे ऐकली. ढोल थांबला. पोरांना वाटलं, कुणीतरी शिमग्याची पहिली खरी बोंब मारली, आणि गावभरच्या पोरांनी एकमुखाने तिला साथ दिली, त्यामुळे दत्तारामाची कुठे संपली आणि गावाची कुठे सुरू झाली हे कुणाला सांगता येत नाही. डॉमिंगो म्हणतो, रेडीला नांगरलेल्या जहाजाने ती ऐकून उलट भोंगा दिला. पण डॉमिंगोचं काय ऐकायचं. तो आणि मास्तर धावत आले तेव्हा दत्ताराम बोट मुठीत धरून पडवीभर येरझाऱ्या घालत होता, ओरडत होता, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि मध्येच थांबून डाव्या हाताने फळीवरचे खडे उचलत होता. पांढरे वेगळे, काळे वेगळे.

दुसऱ्या दिवशी मोरीच्या गावचा साहेब आला, जिंकला, आणि काळुंदर खाऊन गेला. रुक्मिणी मात्र बाजारात येईल त्याला टोपलीतला शिंगाळा दाखवून सांगत राहिली: "सकाळी लागलो आणि तिनसांजेक बोंबललो माणूस. तेव्हा मी म्हटलंय तां खोटा नाय हां, वीख आसा तेका. एकेकाक पोचाक वायच वेळ लागता, इतक्याच."